‘लेखी प्रश्न म्हणजे कागदी घोडे’ म्हणणाऱ्यांसाठी

वडोदऱ्याच्या दांडियाबाजारातल्या आमच्या गणपती मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर गेल्या आठवड्यात एकच मजकूर चार जणांनी टाकला. सारांश असा: संसदेत किंवा विधानसभेत लेखी प्रश्न विचारणं म्हणजे कागदी घोडे नाचवणं. हिंमत असेल तो उभा राहून विचारतो. मंत्री ‘माहिती गोळा केली जात आहे’ म्हणून मोकळे होतात. उत्तरं बाबू लिहितात, मंत्र्यांना त्यातलं काही ठाऊक नसतं. उत्तर खोटं निघालं तरी कोणाचं काही बिघडत नाही. आणि आता माहिती अधिकार आहेच, तेव्हा हा खर्च बंद करा.

मी सहा वर्षं एका खासदारांच्या कार्यालयात प्रश्नांचे मसुदे लिहिले आहेत. मजकूर पाठवणारे चौघंही माझ्या ओळखीचे, चांगली माणसं, त्यांतले दोघं तर वयानं वडीलधारे. म्हणूनच गप्प बसवेना.

हिंमतीपासून सुरुवात करतो. लोकसभेच्या एका दिवसाच्या यादीत तोंडी उत्तराचे, म्हणजे तारांकित, प्रश्न असतात २०. लेखी उत्तराचे, म्हणजे अतारांकित, २३०. राज्यसभेत हेच आकडे १५ आणि १६०. लोकसभेचे सभासद ५४३, तारांकित जागा वीस, आणि क्रम लागतो सोडतीनं. चिठ्ठी निघाली नाही तर वाघासारखा खासदारही तोंडी विचारू शकत नाही. बरं, त्या विसांपैकीही तासाभरात जेमतेम पाच-सहा प्रश्न होतात. उरलेल्यांची उत्तरं लेखीच पटलावर, म्हणजे सभागृहाच्या नोंदीत, जातात. यात भित्रेपणा कुठे आला?

शिवाय तोंडी उत्तरात मंत्र्याला बोलायला मैदान मिळतं. भाषण करता येतं, मागच्या सरकारवर घसरता येतं, सभागृह हसवता येतं. कागदावर हे जमत नाही. तिथे मोकळी जागा राहिली की ती मोकळीच दिसते.

आमचाच एक अनुभव सांगतो. वडोदऱ्यातल्या कारखान्यांतून निवृत्त झालेली माणसं पेन्शनचे अडकलेले अर्ज घेऊन कार्यालयात यायची. पिशवीत प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेली नोकरीची कागदपत्रं, आणि चेहऱ्यावर आपणच काहीतरी चूक केली असावी असा भाव. पहिल्या अधिवेशनात आम्ही विचारलं, अर्जांना विलंब होतो आहे काय? उत्तर आलं, अर्जांचा निपटारा ही सतत चालणारी प्रक्रिया आहे. पुढच्या अधिवेशनात विचारलं, विलंब टाळण्यासाठी कोणती पावलं उचलली? दीड पान उत्तर, सगळ्या योजनांची नावं, आकडा एकही नाही. दोन्ही वेळा चूक आमची होती. आम्ही असा प्रश्न विचारला होता की त्याला असंच उत्तर देता यावं. तिसऱ्या वेळी लिहिलं: ३१ मार्च रोजी ९० दिवसांहून जुने किती अर्ज प्रलंबित होते, कार्यालयवार तपशील द्यावा. या वेळी तक्ता आला. पण त्याच्याही आधी, प्रश्न मंत्रालयात पोचला त्याच आठवड्यात, संबंधित कार्यालयातून आम्हाला फोन आला की तुमच्याकडे ज्या अर्जदारांची नावं आहेत ती जरा पाठवता का. वर्षभर जी फाइल कोणी उघडली नव्हती, ती एका प्रश्नाच्या तारखेनं उघडली. हे मी कानांनी ऐकलेलं आहे, त्यामुळे ‘कागदी घोडे’ म्हटलं की मला राग येतो.

२०२० चं पावसाळी अधिवेशनही आठवून बघा. कोरोनाचं कारण देऊन तेव्हा प्रश्नोत्तराचा तासच रद्द झाला. उरले फक्त लेखी प्रश्न. त्यातल्याच एका उत्तरात १४ सप्टेंबरला कामगार मंत्रालयानं लोकसभेला सांगितलं, की टाळेबंदीत घराकडे निघालेल्या किती स्थलांतरित मजुरांचा मृत्यू झाला याची आकडेवारी ठेवलेली नाही. पुढच्या वर्षी जुलैत राज्यसभेत आरोग्य राज्यमंत्री भारती पवार यांचं लेखी उत्तर आलं, की ऑक्सिजनअभावी झालेल्या मृत्यूंची अशी वेगळी नोंद राज्यांनी कळवलेली नाही. ज्यांनी त्या एप्रिलमध्ये सिलिंडरसाठी रात्र रात्र रांगा लावल्या, त्यांना हे वाक्य किती लागलं असेल! पण ते वाक्य सरकारच्या नावावर छापलं गेलं आहे आणि पुसता येत नाही. सरकारनं काय मोजलं नाही, हेही लेखी प्रश्नामुळेच नोंदलं गेलं.

आता ‘माहिती गोळा केली जात आहे’ या उत्तराकडे येतो. मजकुरातला लोकांना सगळ्यांत पटणारा मुद्दा हाच, आणि सगळ्यांत चुकीचाही हाच. हे वाक्य उच्चारून मंत्री मोकळा होत नाही, उलट अडकतो. कोणत्या शब्दांना ‘आश्वासन’ समजायचं याची संसदेत ठरलेली यादी आहे. ‘माहिती गोळा केली जात असून ती सभागृहाच्या पटलावर ठेवली जाईल’ हे त्या यादीत आहे. ‘बाब विचाराधीन आहे’ हेही आहे. असं उत्तर दिलं की त्याची नोंद आश्वासन म्हणून होते, तीन महिन्यांत ते पुरं करावं लागतं, आणि नाही केलं तर मुदतवाढ मागावी लागते. हे बघायला लोकसभेची १५ जणांची आश्वासन समिती आहे, तिच्यात मंत्र्याला घेत नाहीत. समिती मंत्रालयाच्या सचिवांना समोर बसवून विचारते, अमुक उत्तराचं काय झालं?

ही समिती १ डिसेंबर १९५३ पासून आहे. त्याआधी मंत्र्यानं काय कबूल केलं होतं याचा हिशेब ज्यानं प्रश्न विचारला त्या सभासदानंच ठेवायचा, त्याला आठवलं तर आठवलं. तेव्हा लोकसभेचे अध्यक्ष होते गणेश वासुदेव मावळंकर, आपले दादासाहेब, जन्म याच बडोद्यातला, १८८८ चा. मराठी घरातला, बडोद्यात जन्मलेला माणूस देशाच्या पहिल्या लोकसभेचा अध्यक्ष होता याचा अभिमान आपण गणेशोत्सवात भाषणांतून सांगतो. त्यांच्या कारकिर्दीत उभी राहिलेली ही व्यवस्थाही सांगायला हवी.

समितीपुढे आश्वासनं वर्षानुवर्षं रेंगाळतात हे खरं आहे. मुदतवाढीवर मुदतवाढ मिळते, आणि काही आश्वासनं शेवटी वगळलीही जातात. यावर चिडायलाच हवं. पण वसुली ढिली आहे म्हणून उधारीची वही फाडून टाकायची नसते.

‘उत्तरं बाबू लिहितात.’ हो, लिहितात. प्रश्न मंत्रालयाच्या संसद विभागात जातो, तिथून कक्ष अधिकाऱ्याकडे, अवर सचिवाकडे, मसुदा वर चढत जातो आणि मंत्र्याच्या मान्यतेनंतर बाहेर पडतो. मात्र छापील उत्तराच्या माथ्यावर नाव मंत्र्याचं असतं, आणि जबाबदारीही त्याचीच. हा वाद देशात फार पूर्वी निकालात निघाला आहे. आयुर्विमा महामंडळानं उद्योगपती हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांचे सव्वा कोटीच्या आसपासचे शेअर घेतले, त्यावर १९५७ च्या सप्टेंबरात लोकसभेत रामसुभग सिंह यांनी प्रश्न विचारला. उत्तरानं समाधान झालं नाही. डिसेंबरात खासदार फिरोज गांधी पुरी तयारी करून उभे राहिले. मुंबईचे मुख्य न्यायाधीश छागला यांचा एकसदस्य आयोग नेमला गेला. अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारी यांचं म्हणणं होतं की व्यवहार सचिवांनी केला. सचिव म्हणजे एच. एम. पटेल, आपल्याकडे गुजरातेत पुढे वल्लभ विद्यानगर या शिक्षणनगरीमुळे घरोघरी माहीत झालेले. छागलांनी सांगितलं, सचिवाच्या कृतीची जबाबदारी मंत्र्याला घ्यावीच लागेल. फेब्रुवारी १९५८ मध्ये कृष्णमाचारींनी राजीनामा दिला. पहिल्या प्रश्नानं काही पडलं नव्हतं. पहिलं उत्तर हातात धरून माणसं परत आली, म्हणून पडलं.

खोट्या उत्तराबद्दल. उत्तर चुकलं असं मंत्र्याच्याच ध्यानात आलं तर सभागृहात दुरुस्तीचं निवेदन करावं लागतं. सभासदाला चूक सापडली तर अध्यक्षांच्या निर्देशांतल्या ११५ व्या निर्देशाखाली ती लेखी दाखवून देता येते. जाणूनबुजून दिशाभूल केली असेल तर हक्कभंगाची सूचना देता येते. हक्कभंग क्वचितच शेवटापर्यंत पोचतो, हे मी लपवत नाही. म्हणूनच मला जास्त महत्त्वाची वाटते ती अर्ध्या तासाची चर्चा. लोकसभेच्या ५५ व्या नियमानं, उत्तर अपुरं असेल तर त्यावर वेगळी चर्चा मागता येते, आणि मूळ उत्तर लेखी असलं तरी चालतं. किती सभासद ती मागतात? फार थोडे. दोष तिथे आहे.

खोट्यापेक्षा आम्हाला जास्त त्रास झाला तो झाकलेल्या उत्तरांचा. प्रश्नाचे भाग असतात, क, ख, ग, घ. उत्तर येतं ‘क ते घ’ असं एकत्र बांधून, त्यात तीन परिच्छेद धोरणाचे, आणि ग मध्ये विचारलेला आकडा कुठेच नाही. किंवा ख च्या उत्तरात ‘नाही’ म्हणायचं आणि पुढच्या सगळ्यांना ‘प्रश्न उद्भवत नाही’. आमच्या टेबलावर एक लाल पेन्सिल असायची. उत्तराची प्रत आली की प्रश्न शेजारी ठेवायचा, एकेका भागावर टिक करत जायचं आणि न मिळालेल्या भागाला गोल करायचा. तो गोल म्हणजे पुढच्या अधिवेशनाचा प्रश्न. कंटाळवाणं काम आहे, वर्तमानपत्रात फोटो येत नाही. सहा वर्षांत जे काही हाती लागलं ते याच गोलांमधून लागलं.

माहिती अधिकाराबद्दल थोडक्यात. मी तो स्वतः वापरतो, दहा रुपये भरून, आणि २००५ च्या त्या कायद्याचे उपकार मोठे आहेत. पण त्यात अधिकारी उत्तर देतो, आणि देतो ते दप्तरात असलेली माहिती. ‘हे का केलं नाही आणि कधी करणार’ हे तो सांगायला बांधील नाही. मंत्री सभागृहाला बांधील आहे, संविधानाच्या ७५ व्या अनुच्छेदानं दिल्लीत आणि १६४ व्या अनुच्छेदानं गांधीनगरला. एकानं दुसऱ्याची गरज संपत नाही.

राहिला खर्च, आणि त्याबरोबर नेहमी येणारा टोमणा, की प्रश्न विकले जातात. विकले गेले आहेत. डिसेंबर २००५ मध्ये पैसे घेऊन प्रश्न विचारायला तयार झालेले ११ खासदार छुप्या कॅमेऱ्यात सापडले आणि त्याच महिन्यात सभासदत्वावरून काढले गेले. लाजेची गोष्ट आहे. पण ज्याची काही किंमतच नाही ते विकत घ्यायला कोण येईल? आणि हा हक्क मिळवायलाही वेळ लागला आहे. १८९२ च्या कायद्यानं प्रश्न विचारायची मुभा मिळाली तेव्हा उत्तरावर पूरक प्रश्न विचारता येत नव्हता. तो १९०९ मध्ये आला, तोही फक्त मूळ प्रश्नकर्त्यापुरता. विचारायचं, मिळेल ते ऐकायचं आणि खाली बसायचं, अशा सभागृहांत आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीनं काम केलं.

मला खरी काळजी आहे ती बैठकांच्या दिवसांची. आपल्या गुजरात विधानसभेचं पावसाळी अधिवेशन अलीकडे तीन-चार दिवसांत आटोपतं. बैठक नाही तर प्रश्नाचा दिवस नाही. मजकूर पाठवायचाच असेल तर यावर पाठवा.

गटातल्या एका काकांनी मला फोन करून विचारलं, एवढं बोलतोस तर आम्ही नेमकं काय करायचं? त्यांचे मेहुणे वडोदरा जिल्ह्यातल्या पादऱ्याला असतात. ९ जुलै २०२५ ला गंभीरा पूल तुटून गाड्या माणसांसकट महीसागर नदीत पडल्या, तेव्हापासून त्या घरात दुसरा विषय नाही. मी त्यांना आमदारांना देण्यासाठी एक मसुदा करून दिला. पूल राज्याच्या रस्त्यावरचा, म्हणून प्रश्न गांधीनगरचा. तर्क नाही, आरोप नाही, विशेषण नाही, कारण तसं काही असलं की प्रश्न नाकारला जातो:

(१) सदर पुलाची मागील पाच वर्षांत कोणकोणत्या तारखांना तपासणी झाली. (२) प्रत्येक तपासणी अहवालात कोणत्या शिफारशी होत्या. (३) त्यांपैकी कोणत्या शिफारशींवर कोणत्या तारखेला कार्यवाही झाली. (४) झाली नसल्यास त्याची कारणे काय?

काकांनी वाचून विचारलं, चौथा भाग कशाला, तिसऱ्यात आलंच की. मी म्हटलं, काका, तिसऱ्याला ‘कार्यवाही सुरू आहे’ असं उत्तर येईल. चौथा ठेवा.