'सर्टिफाइड अडॅप्टर लावला की टेस्टिंग संपलं' हे खरं नाही

हार्डवेअर बनवणाऱ्यांमध्ये एक मजकूर सतत फिरत असतो. त्याचं सार असं: 'बोर्ड १२ व्होल्टवर चालवा, धोका मिटला. सर्टिफाइड अडॅप्टर घ्या, मेन्सचा (भिंतीवरच्या सॉकेटमधल्या विजेचा) प्रश्न मिटला. सर्टिफाइड वाय-फाय मॉड्युल बसवा, रेडिओचा प्रश्न मिटला. बाकी सेफ्टी टेस्टिंग म्हणजे मोठ्या कंपन्यांचे कागदी घोडे.' डिझाइनला नव्याने हात घातलेली मुलं-मुली हे वाचून बोर्ड विकायला काढतात. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

१२ व्होल्टपासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात घातक गैरसमज तोच. १२ व्होल्टने कोरड्या हाताला शॉक बसत नाही, हे बरोबर. इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या सुरक्षेच्या आयईसी ६२३६८-१ या मानकातही ६० व्होल्ट डीसीपर्यंतचा स्रोत शॉकच्या बाबतीत सगळ्यात खालच्या वर्गात, ईएस१ मध्ये येतो. पण आगीसाठी त्याच मानकाचं माप वेगळं आहे आणि ते वॅटमध्ये आहे: १५ वॅटपर्यंत पीएस१, १०० वॅटपर्यंत पीएस२, त्यापुढे पीएस३. १२ व्होल्ट, ५ अँपिअरचा अडॅप्टर ६० वॅटचा, म्हणजे पीएस२. यूएसबी-सी तर आता ४८ व्होल्ट, ५ अँपिअरपर्यंत जातं. शॉकच्या हिशेबात ते ईएस१, आणि आगीच्या हिशेबात २४० वॅटचं पीएस३.

आता केसमध्ये स्क्रू आवळताना बोर्ड किंचित वाकला आणि इनपुटजवळच्या सिरॅमिक कपॅसिटरला तडा गेला असं धरा. हा काही दुर्मीळ दोष नाही. कपॅसिटर पूर्ण शॉर्ट झाला तर उलट बरं, अडॅप्टर स्वतःच बंद पडेल. पण तो ३ ओहमवर अडकला, तर ४ अँपिअर ओढत राहतो. अडॅप्टरच्या लेखी हा नेहमीचा लोड आहे, त्याचं संरक्षण जागंच होत नाही. दोन-तीन मिलिमीटरच्या जागेत ४८ वॅट उष्णता. सोल्डरिंग आयर्न साधारण एवढ्याच वॅटचा असतो, आणि चालू आयर्न प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवून आपण खोलीबाहेरही जात नाही. म्हणूनच चाचणीत एकेक पार्ट मुद्दाम शॉर्ट करतात, ओपन करतात, पंखा अडवतात, हवेची भोकं झाकतात. अडॅप्टरवरचा शिक्का यातलं काहीही तुमच्या बोर्डासाठी करून देत नाही. (लिथियम सेल असेल तर त्याच्या चाचण्या आणखी वेगळ्या: आयईसी ६२१३३-२, आणि माल पाठवायचा तर यूएन ३८.३.)

'अडॅप्टर सर्टिफाइड, म्हणजे मेन्सचा प्रश्न मिटला.' एक अडॅप्टर, एक उपकरण, इतकंच असेल तर बऱ्याच अंशी खरं आहे. पण अडॅप्टरच्या पोटात प्रायमरी (मेन्सची बाजू) आणि सेकंडरी (आउटपुटची बाजू) यांना जोडणारा, विद्युत गोंगाट दाबणारा वाय कपॅसिटर असतो. तो २.२ नॅनोफॅरडचा धरला आणि थेट फेजला जोडलेला मानला, तर २३० व्होल्ट, ५० हर्ट्झला त्यातून जास्तीत जास्त ०.१६ मिलिअँपिअर गळती होते. हे मर्यादेत आहे. पण एका धातूच्या चौकटीत चार उपकरणं, प्रत्येकाला आपापला अडॅप्टर आणि सगळ्यांचा ग्राउंड एकच, अशी मांडणी केलीत तर बेरीज ०.६४ होते. ईएस१ ची मर्यादा ०.५ मिलिअँपिअर आहे. चारही प्रमाणपत्रं खरी आणि चौकट मात्र नापास! चौकटीला अर्थिंग हवं, हे सांगणारा कागद त्या चारांपैकी एकाच्याही खोक्यात नसतो.

मॉड्युलबद्दल थोडक्यात. त्याचं प्रमाणपत्र ट्रान्समीटरपुरतं असतं, तेही ठरलेल्या अँटेनांसह. तुमच्या स्विचिंग रेग्युलेटरचा (व्होल्टेज बदलणाऱ्या सर्किटचा) आणि क्लॉकचा विद्युत गोंगाट केबलमधून बाहेर पडतो, तो तुमचाच. अमेरिकेत एफसीसी या नियामक संस्थेचा, अशा गोंगाटावर मर्यादा घालणारा पार्ट १५ संपूर्ण उपकरणाला लागू राहतो. युरोपात लो व्होल्टेज डिरेक्टिव्ह (विद्युत उपकरणांच्या सुरक्षेचा कायदा) ५० व्होल्ट एसी किंवा ७५ व्होल्ट डीसीपासून सुरू होतं, म्हणून '५ व्होल्टला सूट आहे' असं सांगितलं जातं. वाय-फाय आलं की मात्र उपकरण रेडिओ इक्विपमेंट डिरेक्टिव्हमध्ये जातं, आणि तिथे सुरक्षेच्या अटींना व्होल्टेजची खालची मर्यादाच नाही. म्हणजे हा सल्ला ज्यांना सर्वाधिक दिला जातो, त्यांनाच तो लागू पडत नाही.

राहिले कागदी घोडे. लॅबची फी लहान उत्पादकाला जड जाते, ही तक्रार मला पूर्ण मान्य आहे. पण बोर्ड आखतानाच प्रायमरी-सेकंडरीमध्ये पुरेसं क्रीपेज (बोर्डाच्या पृष्ठभागावरून मोजलेलं अंतर) ठेवायला, जागा कमी असेल तर खाच पाडायला काही पैसे पडत नाहीत. पैसे पडतात ते लॅबमध्ये नापास झाल्यावर बोर्ड पुन्हा आखायला.

आणि एकदा नमुना पास झाला की कायमचं झालं, असंही नाही. प्रमाणपत्र तपासलेल्या रचनेचं असतं. वर्षभराने तोच अडॅप्टर, तेच कव्हर, दुसरा पुरवठादार, आणि आत वाय१ वर्गाच्या कपॅसिटरऐवजी तेवढ्याच नॅनोफॅरडचा, १ किलोव्होल्टचा साधा डिस्क सिरॅमिक. वाय कपॅसिटर बिघडला तरी शॉर्ट होऊ नये अशा बेताने बनवून तपासलेला असतो, साध्याला ती हमी नसते. तो शॉर्ट झाला की मेन्स थेट आउटपुट प्लगच्या धातूवर येतो. तोपर्यंत दिवा लागतो, व्होल्टेज बरोबर दिसतं, फंक्शनल टेस्टमध्ये काहीच कळत नाही. मेन्स प्लगच्या दोन्ही पिना एकत्र जोडून त्या आणि आउटपुट यांच्यामध्ये ३००० व्होल्ट एसीची हायपॉट (इन्सुलेशन तपासणारी उच्च व्होल्टेजची चाचणी) लावली, की असा कपॅसिटर बहुधा तिथेच, टेबलावर, काही सेकंदांत फुटतो.