‘खरं प्रेम थकत नाही’ म्हणे!

गेल्या आठवड्यात एकच मजकूर मला व्हॉट्सॲपच्या तीन गटांतून आला. आधी भजनी मंडळ, मग शाळेच्या मैत्रिणी, आणि शेवटी आमचा घरचा गट. घरच्या गटावर तो पाठवला पुण्याच्या दादानं, खाली जोडलेल्या हातांची तीन चित्रं. मजकूर थोडक्यात असा: आईवडिलांना तासांच्या हिशोबानं भाड्याच्या बाईच्या स्वाधीन करून ‘रेस्पाइट’ नावाची सुट्टी घेणं हे पाश्चात्य खूळ आहे. आपल्या एकत्र कुटुंबात असलं काही नव्हतं. खरं प्रेम थकत नाही. परक्या हातांत म्हातारं माणूस खचतं. हा कायद्यानं गुन्हा आहे, आणि शेवटी हे सगळे श्रीमंतांचे चोचले.

माझी आई ८६ वर्षांची. स्मृतिभ्रंशाचं निदान होऊन सहा वर्षं झाली. इंदूरच्या रामबागेतल्या घरात आम्ही दोघीच. मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी एक ते पाच एक बाई येतात आणि मी घराबाहेर पडते. म्हणजे त्या मजकुरातली नालायक लेक मीच. तेव्हा एकेक वाक्य घेऊन बोलते.

‘आपल्या एकत्र कुटुंबात असलं काही नव्हतं.’

होतं की. त्याला नाव नव्हतं, एवढंच. आई पूर्वी सांगायची, तिच्या लहानपणी तिची आजी दोन वर्षं अंथरुणाला खिळून होती. वाड्यात बायका सात. एक जण रात्री जागली की सकाळी तिला कुणी हाक मारत नसे, चहा दुसरीच टाकायची. ही पाळी लावणं म्हणजेच रेस्पाइट. आणि त्या पाळ्यांत सगळ्यांत जास्त पाळ्या कुणाच्या? बालविधवा आत्याच्या. तिला कुणी विचारलं नव्हतं, नाही म्हणायची सोय नव्हती आणि तिच्या हातावर कुणी रुपया ठेवला नाही. ती गेल्यावर मात्र सगळे म्हणाले, काय सेवाभावी होती!

पैसे देऊन माणूस लावणंही आपल्याला नवं नाही. बाळंतिणीला आणि बाळाला तेल लावायला, न्हाऊ घालायला सव्वा महिना बाई येते. तिथं कुणी म्हणत नाही की आजीची माया आटली. फार मागं जायचं तर चरकसंहितेत उपचाराचे चार पाय सांगितलेत: वैद्य, औषध, शुश्रूषा करणारा आणि रोगी. त्या शुश्रूषा करणाऱ्याचे गुणही चार: उपचाराची जाण, दक्षता, स्वच्छता आणि ‘भर्त्या’विषयी जिव्हाळा. भर्ता म्हणजे पोसणारा, धनी. तो रोग्याचा मुलगा किंवा सून असावा असं तिथं म्हटलेलं नाही. उलट पगारी माणसाकडूनही जिव्हाळ्याची अपेक्षा केलेली दिसते.

बदललंय ते वेगळंच. १९६१ च्या जनगणनेत देशात साठी ओलांडलेले शंभरात पाच-सहा होते, २०११ मध्ये साडेआठच्या वर, म्हणजे दहा कोटींहून जास्त माणसं. साठीपुढच्यांत स्मृतिभ्रंश असलेले अंदाजे ८८ लाख. म्हातारपण लांबलं आणि वाड्यातल्या सात बायकांच्या जागी मी एकटी उरले. मजकुरात हा हिशोब कुठेच नाही.

‘खरं प्रेम थकत नाही.’

हे वाक्य वाचून मला राग आला, म्हणून यावर जरा जास्त बोलणार.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा कुणी बाई येत नव्हती. आई रात्री दीडला उठली, पदर खोचला आणि म्हणाली, वेणी घाल, शाळेला उशीर होतोय. घातली. पावणेतीनला परत उठली. घातली. सव्वाचारला ती दाराची कडी काढत होती. मी तिचा दंड धरून तिला मागं ओढलं. जोरात. म्हाताऱ्या माणसाची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी असते. सकाळी अंघोळीच्या वेळी तिथं माझ्या चार बोटांचा निळा डाग होता. तिनंच तो मला दाखवला आणि विचारलं, ‘हे कुणी केलं गं?’

माझं प्रेम तेव्हा कमी होतं का? मला नाही वाटत. माझी सलग झोप अकरा महिन्यांपूर्वी संपली होती, एवढं मला ठाऊक आहे.

शरीर कसं झिजतं ते मोजलेलंही आहे. अमेरिकेत ओहायोमध्ये स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकाला सांभाळणाऱ्या १३ बायकांच्या आणि तशी जबाबदारी नसलेल्या १३ बायकांच्या हातावर सारखीच बारीकशी जखम करून ती भरायला किती दिवस लागतात ते पाहिलं. १९९५ साली ते छापून आलं. सांभाळणाऱ्यांना सरासरी नऊ दिवस जास्त लागले. १९९९ मध्ये अमेरिकेतल्याच दुसऱ्या अभ्यासात आजारी जोडीदाराला सांभाळणारे आणि त्याचा ताण जाणवणारे वृद्ध चार वर्षं पाहिले. सांभाळायची जबाबदारी नसलेल्यांपेक्षा त्यांच्यात मृत्यूचा धोका ६३ टक्के जास्त निघाला. दादा, यांतल्या कुणाचं प्रेम खोटं होतं ते सांग.

विश्रांतीनं सगळं बरं होतं असं मात्र मी म्हणणार नाही. २०१४ मध्ये कॉक्रेन या संस्थेनं स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना सांभाळणाऱ्यांच्या रेस्पाइटवरच्या चाचण्या तपासल्या. धड म्हणाव्यात अशा चारच सापडल्या आणि त्यांतून ठोस फायदा सिद्ध झाला नाही. मलाही चार तासांनी पंख फुटत नाहीत. पहिल्या शुक्रवारी तर मी सराफ्यापर्यंत गेले, एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले आणि बसल्या बसल्या झोपले. पण त्यानंतर आईच्या दंडावर डाग उमटलेला नाही. मला तेवढं पुरतं.

‘परक्या हातांत म्हातारं माणूस खचतं.’

हे अर्धं खरं आहे. आईसारख्या माणसाला नवा चेहरा, नवा आवाज खरंच सहन होत नाही. मी आधी ज्या ब्यूरोकडून बाई मागवली त्यांनी दोन आठवड्यांत तीन वेगवेगळ्या पाठवल्या. तिसरी कानात यंत्र खुपसून मोबाइल बघत बसली, आणि आई ओल्या लुगड्यात. मी त्यांना नमस्कार केला.

आता येतात त्या सांवेरकडच्या. ओळखीतून मिळाल्या. पोलीस ठाण्यात त्यांची माहिती रीतसर देऊन ठेवली, कपाटाच्या किल्ल्या माझ्या पर्समध्ये. पहिल्या तीन वेळा मी घरातच होते, फक्त दुसऱ्या खोलीत. वार आणि वेळ बदलायची नाही. दिवेलागणीला आईची घालमेल सुरू होते, त्याच्या आत मी परत. फ्रिजवर एक कागद चिकटवलाय: गोळी दह्यात नाही, केळ्यात द्यायची. ‘चला’ म्हणायचं नाही, ‘येताय का?’ म्हणायचं. पाणी चमच्यानं, पाठ ताठ करून. इंजेक्शन, नळी वगैरे काही असेल तर हात लावायचा नाही, ते नर्सचं काम. पडली तर उचलायच्या आधी मला फोन.

त्या माळवी बोलतात. आई आता फक्त मराठी बोलते, तीही माहेरची. तरी दोघींचं जमलं ते मेथीवर. एका मंगळवारी मी लवकर परतले तर दोघी जमिनीवर फतकल मारून मेथी निवडत होत्या. आई पानं टाकून देत होती आणि काड्या नीट परातीत रचत होती. बाई काही बोलत नव्हत्या. आईचं लक्ष दुसरीकडे गेलं की कचऱ्यातली पानं हळूच उचलून ओच्यात घेत. मी असते तर सतरा वेळा म्हटलं असतं, ‘आई, उलटं करतेयस.’ आई त्यांना माई म्हणते. माई ही तिची धाकटी बहीण, जाऊन तीस वर्षं झाली.

परक्यांकडून छळ होतो, हेही मजकुरात आहे. होतो. पण हेल्पएज इंडियाच्या पाहण्यांत म्हाताऱ्यांना छळणाऱ्यांत मुलगे आणि सुना सतत वर असतात. घरचे हात म्हणजे आपोआप सुरक्षित हात असं नाही, हे मी माझ्याच बोटांवरून सांगते.

‘हा कायद्यानं गुन्हा आहे.’

साफ खोटं. कायदा २००७ चा, आईवडिलांच्या आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा. त्यात अन्न, वस्त्र, निवारा आणि औषधोपचार पुरवायची जबाबदारी आहे. शिक्षा आहे ती कलम २४ मध्ये, ज्येष्ठाला कायमचं टाकून द्यायच्या इराद्यानं कुठं सोडून आल्यास: तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आई तिच्याच घरी, तिच्याच खाटेवर. चार तासांसाठी बाई ठेवणं त्यात कुठं बसतं? कुणी खरंच टाकून दिलेलं दिसलं तर ज्येष्ठांसाठी १४५६७ हा क्रमांक आहे. तो फॉरवर्ड करा.

‘श्रीमंतांचे चोचले.’

मी एका वेळेचे ३५० रुपये देते. महिन्याचे साधारण २,८००. माझ्या पेन्शनीतून जातात, जाणवतात. ज्या घरात महिन्याला बाराच हजार येतात तिथं हे परवडणार नाही, तेव्हा या वाक्यात तथ्य आहे. पण मग मागणी उलटी हवी. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या सगळ्यांना आयुष्मान योजनेत पाच लाखांचं छत्र मिळालं, तेही दवाखान्यात भरती झाल्यास. घरी येणाऱ्या बाईचा रुपया त्यातून सुटत नाही. केरळानं २००८ मध्येच उपशामक सेवेचं, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजारात त्रास हलका करणाऱ्या सेवेचं, धोरण केलं. तिथं पंचायतींमार्फत नर्स आणि स्वयंसेवक अंथरुणावरच्या रुग्णाच्या घरी जातात. केरळ काही पाश्चात्य देश नाही.

एक गोष्ट मला स्वतःलाच टोचते. आमच्या बाईंची सासू गावी खाटेवर आहे आणि या इथं असताना तिच्याजवळ बसते त्यांची चौदा वर्षांची मुलगी. मला सुट्टी मिळते ती त्या मुलीच्या दुपारींतून. यावर माझ्याजवळ उत्तर नाही. परीक्षेच्या दिवसांत मी बाईंना खाडा न धरता सुट्टी देते, एवढंच.

दादाला मी गटावर काही लिहिलं नाही. वेगळा मेसेज केला: ‘तुझा मजकूर वाचला. भाऊबीजेला येशील तेव्हा चार दिवस जास्त राहा, मी नाशिकला माझ्या मैत्रिणीकडे जाऊन येईन.’ सोबत फ्रिजवरच्या कागदाचा फोटो. दोन निळ्या खुणा काल रात्रीच उमटल्या.

आज शुक्रवार. पावणेएक वाजलाय, बाई फाटक उघडतायत.