पाच नंबरवरचा पाऊस

डॉक्टरांच्या चिठ्ठीत लिहिलं होतं, 'दाब : १० सेंमी पाणी'. घरी येऊन मी सीपॅपच्या, म्हणजे घोरणाऱ्याला झोपेत हवा पुरवणाऱ्या यंत्राच्या, पाण्याच्या डबीत मुलाची जुनी पट्टी उभी केली. डबी सगळी मिळून चार बोटं उंच! दहा सेंटिमीटर पाणी तिच्यात मावायचं कसं? यंत्र बसवून गेलेल्या मुलाला फोन लावला.

"सर, ते हवेचं प्रेशर आहे. डबीशी संबंध नाही."

"मग पाणी का लिहिलंय?"

"प्रेशर पाण्यात मोजतात, सर."

"आणि डबीतलं पाणी?"

"ते वेगळं."

सीपॅपच्या ह्युमिडिफायरचं (म्हणजे हवा दमट करणाऱ्या या डबीचं) आणि माझं बिनसलं ते इथून.

मी घोरतो. झोपेच्या तपासणीत निघालं की माझा श्वास तासाला ३४ वेळा अडकतो किंवा मंदावतो. या आकड्याला एएचआय म्हणतात. पस्तिसाला एका मार्काने हुकायची माझी शाळेपासूनची सवय; इथे मात्र तिशीच्या पुढचे सगळेच 'तीव्र'. मग मास्क आला. सोंड, फायटर पायलट वगैरे विनोद सोसायटीत करून संपले आहेत, ते मी पुन्हा करत नाही.

झोपेत घशाची वाट मिटू नये म्हणून हे यंत्र रात्रभर हवा दाबून धरतं. १९८० साली सिडनीत कॉलिन सुलिव्हन या डॉक्टरांनी हा प्रयोग पहिल्यांदा केला, तेव्हा व्हॅक्युम क्लीनरची मोटर वापरली होती म्हणे. पहिल्या रात्रीनंतर माझा घसा इतका झाडूनपुसून कोरडा झाला होता, की मला ते लगेच पटलं. यावर उपाय म्हणजे ती पाण्याची डबी.

तिला डिस्टिल्ड वॉटर लागतं. नळाच्या पाण्यातले क्षार कुकरच्या तळाशी बसतात तसे डबीतही पांढरे होऊन बसतात. मी कोपऱ्यावरच्या बॅटरीवाल्याकडे गेलो. त्याने बॅटरीची क्षमता विचारली, "किती एएचची?" माझ्या डोक्यात तो एकच आकडा. म्हटलं, "चौतीस." तो म्हणाला, "छोटी गाडी दिसतेय." (ते पाणी शेवटी इन्व्हर्टरलाच पाजलं. यंत्रवाला मुलगा म्हणाला, श्वासात जाणारं पाणी मेडिकलमधून आणा.)

हवा हुक्क्यासारखी पाण्यातून बुडबुडत येत असेल असा माझा समज होता. तसं काही नसतं. डबीखाली एक तापणारी पट्टी असते, पाणी कोमट होतं, आणि तळ्यावरून वारा जावा तशी हवा नुसती पाण्यावरून जाते. जाताना दमट होते. बटणावर एक ते आठ नंबर. जितका नंबर मोठा, तितकी पट्टी गरम.

घसा कोरडा, म्हणून मी तीनचा पाच केला. डिसेंबर महिना, पुण्यात पारा दहावर, आणि आमच्याकडे खिडकी उघडी, कारण आईला कोंडल्यासारखं होतं. पहाटे तीनला नळीत गुडगुड सुरू झाली. हुक्का शेवटी आलाच म्हणेपर्यंत थंडगार पाण्याचा एक ओघळ थेट नाकात! मी पाचाचा दोन केला. घसा पुन्हा वाळवंट. चार केला, पुन्हा सरी. आठवडाभर मी दुष्काळ आणि अतिवृष्टी यांच्यामध्ये ये-जा करत होतो. पंचनाम्याला कोणी आलं नाही.

यंत्रवाल्या मुलाला पुन्हा फोन. त्याने हिशेबच मांडला. तीस अंशांची हवा घनमीटरमागे साधारण ३० ग्रॅम वाफ धरते, वीस अंशांची जेमतेम १७. नळी गार खोलीतून येते, हवा वाटेत निवते, वरची वाफ तिला पेलत नाही.

"म्हणजे उरलेले तेरा ग्रॅम?"

"तुमच्या नाकात, सर." मग हळूच म्हणाला, "हीटेड ट्यूब घ्या." किंमत ऐकून मला घाम फुटला, म्हणजे दमटपणा वाढला.

आई पलीकडे मेथी निवडत होती. "अरे, मोदक उकडताना झाकणाला फडकं बांधतो ना आपण? नाहीतर थेंब पडून मोदक चिकट होतात. तुझ्या नळीला बांध की काहीतरी."

खरं तर झाकणाचं फडकं थेंब टिपतं, आणि नळीचं फडकं ती ऊबदार ठेवून थेंब होऊच देत नाही. पण हे मी आईला सांगितलं नाही. उत्तर बरोबर आल्यावर रीत तपासायची नसते.

बायकोने माझ्या मरून रंगाच्या स्वेटरची बाही कापली. मला न विचारता. बाही नळीवर चपखल बसली, अर्थात अर्ध्याच; उरलेल्या अर्ध्याला जुने मोजे. यंत्र पलंगाच्या डोक्याशी फळीवर होतं, तेही खाली उतरवलं. ते वर असलं की नळीतल्या थेंबांना उतार माझ्या नाकाकडे मिळतो, खाली असलं की ते परत डबीत जातात. तेवढं बुटकं घरात काय, तर देवघरातला जादा चौरंग. आता मी रोज सकाळी डबीतलं शिळं पाणी ओततो, डबी धुतो, निथळायला पालथी घालतो, रात्री चौरंगापुढे बसून रेषेपर्यंत ताजं पाणी भरतो. आई बघते आणि म्हणते, "देवाचं पाणी कधी बदललं होतंस रे असं?"

नंबर आता पुन्हा पाचवर आहे. पाऊस थांबला, घसा ओला, आणि खोलीत इतकी शांतता की परवा रात्री जागा असताना मला पहिल्यांदाच ऐकू आलं : कोणीतरी घोरत होतं. यंत्र नव्हे, मी नव्हे, आणि आई तर पलीकडच्या खोलीत.

स्वेटरची दुसरी बाही मी कपाटात जपून ठेवली आहे.