मावशीचे वीस हजार

ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर परवा वाद पेटला. फिरायला परदेशी जाणाऱ्यांनी किती पैसे न्यावेत, यावर सरकारने आणखी कडक मर्यादा घालावी, असं एका काकांचं म्हणणं. काकांची कळकळ खरी आहे. 1991 साली देशाचं सोनं गहाण पडलेलं त्यांनी पाहिलंय.

पण मी राहतो त्या इंग्लंडने हे करून पाहिलंय. 1966 मध्ये पौंड अडचणीत आला, तेव्हा पंतप्रधान विल्सन यांच्या सरकारने परदेशी सहलीसाठी माणशी 50 पौंडांची मर्यादा घातली. शेजारच्या आजोबांनी मला त्यांचा तेव्हाचा पासपोर्ट दाखवला. मागच्या पानावर बँकेचा शिक्का, शेजारी शाईने लिहिलेली रक्कम. स्पेनमधले शेवटचे दोन दिवस पाव-टोमॅटोवर काढले म्हणाले. एवढं करून 1967 च्या नोव्हेंबरात पौंडाचं अवमूल्यन झालंच. पुढे 1979 मध्ये चलनावरची ही बंधनंच काढून टाकली. आज इथून निघताना 10,000 पौंड किंवा जास्त रोकड असेल तर कस्टमला सांगायचं, बस.

आपल्याकडची परदेशी पैसे नेण्या-पाठवण्यावरची वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा ठाण्यातल्या नोकरदाराला कधी आडवी येणार? त्याला चटका बसतो टीसीएसचा, म्हणजे टूरवाला पैसे घेतानाच सरकारसाठी आगाऊ कापून घेतो त्या कराचा. माझी मावशी निवृत्त शिक्षिका. 2024 च्या मे महिन्यात ती युरोपला आली, आयुष्यात पहिल्यांदा. पॅकेज चार लाखांचं, त्यावर 5 टक्के, म्हणजे 20 हजार आधीच भरले. तिला आयकर लागतच नाही! ते पैसे परत मिळवायला रिटर्न भरायचं, त्यासाठी राम मारुती रोडवर सीएकडे खेपा, त्याची फी वेगळी. रिफंड जमा झाला 2025 च्या दिवाळीत. तोवर ती दर महिन्याला पासबुक भरून आणायची आणि चष्मा लावून एकेक ओळ बोटाने तपासायची. दीड वर्ष तिचे पैसे सरकारकडे पडून राहिले, याचा मला आजही राग येतो.

2026 च्या अर्थसंकल्पात पॅकेजवरचा दर 2 टक्क्यांवर आणला, हे चांगलंच झालं. पण ज्याला कर लागत नाही त्याच्याकडून 2 टक्के तरी का घ्यायचे? व्याजावर टीडीएस कापू नये म्हणून मावशी दरवर्षी बँकेत, आपल्याला कर लागत नाही असं सांगणारा 15एच फॉर्म भरून द्यायची. टूरवाल्याकडेही तिने तोच मागितला होता. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "आजी, याला तसला फॉर्म नसतो."