श्रीखंड्याची ड्युटी

इंग्लंडमध्ये ज्याची उंची बरी आणि गुडघे शाबूत आहेत, त्याने निवृत्त मुख्याध्यापिकेच्या शेजारी घर घेऊ नये. आमच्या शेजारीणबाई गावच्या कॅथेड्रलमधल्या फुलोत्सवाच्या अध्यक्ष आहेत, हे घराच्या कागदपत्रांत कुठेच लिहिलेलं नव्हतं. कुंपणापलीकडून त्यांनी एकदा विचारलं, "तुम्हाला फुलांची आवड आहे का?" मी पुण्याचा माणूस. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मंडईबाहेर झेंडूच्या भावावरून हुज्जत घालणं, एवढाच माझा फुलांशी संबंध. पण मागून बायको "हो, खूप!" म्हणाली आणि माझं नाव यादीत गेलं. (कॅथेड्रलचं नाव सांगत नाही. मला याच गावात राहायचंय.)

इमारत मात्र अफाट आहे. ज्ञानेश्वर जन्मायच्या आधी तिच्या खांबांवर छत चढलेलं होतं. त्यामुळे खिळा मारायचा नाही, चिकटपट्टी लावायची नाही, शिडी खांबाला टेकवायची नाही, थडग्यांवर झोपलेल्या दगडी सरदारांच्या पोटावर कात्री विसरायची नाही. आणि पाणी सांडायचं नाही, कारण फरशीखाली पुरलेले बिशप आहेत. या सगळ्यावर नजर ठेवायला काळ्या झग्यातला व्हर्जर. त्याचं खरं काम प्रार्थनेच्या वेळी हातात दांडी घेऊन पुजारीमंडळींच्या पुढे चालणं. त्या आठवड्यात तो आमच्या मागे चालत होता.

फुलोत्सव असला तरी देवाचं वेळापत्रक बदलत नाही. संध्याकाळी साडेपाचला इव्हनसाँग, म्हणजे गायकवृंदाची सायंप्रार्थना. सव्वापाचला कात्र्या खाली. एका शिडीवर अर्धवट लटकलेली वेल, खाली केसांत पानं अडकलेले आम्ही, आणि वर कमानींमध्ये मुलांचे आवाज घुमताहेत. अतिशय सुंदर. पण त्या पाऊण तासात बादलीबाहेरची हायड्रेंजिया माना टाकते आणि प्रार्थना चालू असताना उठता येत नाही.

विषय ठरला होता 'सृष्टीची निर्मिती'. बायबलप्रमाणे सात दिवस, म्हणून आसपासच्या गावांतले सात पुष्परचना-गट. वाटपाच्या बैठकीला मी हजर होतो. गणेशमंडळांच्या मिरवणुकीचा क्रम ठरताना होणारी बैठक आठवा आणि तिच्यातून फक्त आवाज वजा करा. तिसरा दिवस सगळ्यांना हवा होता, कारण झाडं-झुडपं त्या दिवशी झाली. सातव्यावर तर उड्या पडल्या. त्या दिवशी देवाने विश्रांती घेतली, म्हणजे रचनाही सुटसुटीत. आमच्या गटाला मिळाला दुसरा दिवस: देवाने वरचं पाणी आणि खालचं पाणी वेगळं केलं. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

पूर्वी या कामाला हिरवा फोम वापरत. 1954 साली अमेरिकेत निघालेली ती वीट पाणी पिऊन बसते आणि खुपसलेलं फूल जागचं हलत नाही. पण ती प्लास्टिकचीच. कुजत नाही, चुरा होऊन पसरते. इथल्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने 2021 पासून आपल्या प्रदर्शनांत तिला बंदी घातली. आमच्या बाईंनी तत्त्व म्हणून तेच केलं, तेव्हा जुन्या सभासदांचे चेहरे 2018 मध्ये थर्माकोलबंदीनंतर आमच्या मंडळातल्या मखरवाल्याचा झाला होता तसे झाले. आता कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी चुरगळून भांड्यात कोंबायची आणि भांड्यात नुसतं पाणी. खुडलेली फुलं पहिल्या रात्रीत किती पितात, याची कल्पना लग्नाच्या वऱ्हाडाला चहा पुरवलेल्यालाच येईल. नळ एकच, तोही पार मागच्या खोलीत.

एकनाथांच्या वाड्यात देव श्रीखंड्या होऊन पाणी भरत होता म्हणतात. त्याची परतफेड आमच्या घराण्यात माझ्या वाट्याला आली होती, आणि तीही दुसऱ्याच देवाकडे. लांब चोचीची झारी, शिडी, वर कलश, खाली बिशप, मागे व्हर्जर.

त्यात आमचा दिवस पाण्याचा, म्हणजे निळी फुलं. निसर्गाने निळ्या रंगात फार हात आखडता घेतलाय. डेल्फिनियम मिळाली. उंच, देखणी, पण देठ पोकळ. प्रत्येक देठ उलटा धरून त्यात पाणी भरायचं आणि कापसाचा बोळा लावायचा. म्हणजे पाण्यात ठेवायच्या फुलाला आधी आतून पाणी पाजायचं! आमच्या गटातल्या आजीबाई हे काम नर्सच्या शांतपणे करत होत्या आणि मला सांगत होत्या, "हिला अजून थोडं द्या."

चौथ्या दिवसाच्या सूर्यासाठी मी झेंडू सुचवला. बाई सौजन्याने हसल्या. त्यांच्याकडे तो टोमॅटोच्या वाफ्यात लावतात, कीड लांब राहावी म्हणून. बायकोने तरीही चार माळा ओवून आणल्या. सूर्यगटाने त्या मुकाट्याने घेतल्या. त्यांची सूर्यफुलं आली नव्हती.

दुपारी सगळ्यांना कोरोनेशन चिकनचं सँडविच. राणी एलिझाबेथच्या 1953 च्या राज्याभिषेकातली ही पाककृती कॉन्स्टन्स स्प्राय आणि त्यांच्या सहकारी रोझमेरी ह्यूम यांच्या कुकरी स्कूलमधून आली. याच स्प्रायबाईंकडे त्या सोहळ्याच्या फुलांचंही काम होतं, आणि केलची, म्हणजे कोबीच्या कुळातल्या पालेभाजीची, पानं फुलदाणीत लावण्याची हिंमत त्यांचीच. आमच्या बाई त्यांना गुरुस्थानी मानतात. फुलांबद्दल मीही मानतो. मेयोनेझमध्ये करी पावडर कालवल्याबद्दल मात्र माझं मत मी पाण्याबरोबर गिळलं.

उत्सवाला गर्दी लोटली. लोक प्रत्येक फुलाला हात लावून "खरं आहे का?" विचारत आणि मग स्वच्छतागृह कुठे ते विचारत. सातव्या दिवसाच्या गटाने विश्रांती म्हणून एक जुनी आरामखुर्ची मांडली होती, पाठीवर पांढऱ्या लिली. डाग पडू नयेत म्हणून त्यांचे सगळे परागकोश चिमटीने काढलेले. शनिवारी दुपारी त्या खुर्चीत एक आजोबा हॅट मांडीवर ठेवून गाढ झोपलेले दिसले. भोवती लोक फोटो काढत होते. एक बाई रचनाकाराचं नाव विचारत होत्या. व्हर्जर उठवायला निघाला, पण आमच्या अध्यक्षबाईंनी त्याला थांबवलं. दोन पावलं मागे जाऊन, मान तिरकी करून त्यांनी आजोबांकडे बराच वेळ पाहिलं.

"डाव्या पायाशी थोडी हिरवळ हवी होती," त्या म्हणाल्या. मग माझ्या हातातल्या झारीकडे बघत, "आणि उठले की त्यांना पाणी विचारा."