यारी कुर्री ग्रेट्झकीच्या जिवावर मोठा झाला नाही

आइस हॉकीतल्या महान खेळाडूंची चर्चा निघाली की एक पोस्ट हटकून फिरते. "यारी कुर्रीने केलं काय? वेन ग्रेट्झकीने पास द्यायचा, याने नुसती स्टिक लावायची. त्याच्या जागी कुणीही असता तरी एवढे गोल झाले असते. ग्रेट्झकी गेला आणि कुर्री संपला. बचाव तर त्याला जमतच नव्हता." ज्या माणसाने एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक आइस हॉकी लीगमध्ये ६०१ गोल केले, पाच वेळा स्टॅनली कप म्हणजे लीगचं विजेतेपद जिंकलं आणि २००१ मध्ये हॉकी हॉल ऑफ फेममध्ये जाणारा फिनलंडचा पहिला खेळाडू ठरला, त्याच्याबद्दल हे लिहिलं जातं. वाचून राग येतो, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

"ग्रेट्झकी गेला आणि कुर्री संपला." दोघं एडमंटन ऑइलर्स या कॅनडातल्या संघात एकत्र खेळायचे. ऑइलर्सने ग्रेट्झकीला लॉस एंजेलिस किंग्ज या संघाकडे दिलं ते ९ ऑगस्ट १९८८ रोजी. पुढच्याच हंगामात कुर्रीने ४४ गोल आणि ५८ असिस्ट (सहकाऱ्याच्या गोलासाठी दिलेले पास) केले, म्हणजे दोन्ही मिळून १०२ गुण. त्यानंतरच्या हंगामात ९३ गुण आणि १९९० चा स्टॅनली कप. त्या वाटेवर ऑइलर्सने ग्रेट्झकीच्याच किंग्जना मालिकेत ४-० असं घरी पाठवलं. बोस्टनविरुद्धच्या अंतिम फेरीत दुसऱ्या सामन्यात कुर्रीने हॅट्‌ट्रिक केली, वर दोन असिस्ट.

पुढचा भाग तर हा दावा करणारे सांगतच नाहीत. इटलीत मिलानला एक हंगाम खेळून कुर्री १९९१ मध्ये किंग्जमध्ये आला. पुन्हा ग्रेट्झकीचा सहकारी. त्या हंगामात त्याचे गुण किती? ६०. पुढच्या हंगामात पाठीच्या दुखण्यामुळे ग्रेट्झकी पहिले ३९ सामने बाहेर होता, आणि कुर्रीने ८७ गुण केले. वय वाढलं होतं, वर्षभर एनएचएलपासून तो लांब होता, हे मान्य. पण सगळी किमया ग्रेट्झकीच्या पासची असती, तर हे आकडे नेमके उलटे दिसायला हवे होते.

आता "कुणीही असता तरी" हा मुद्दा. १९८० च्या दशकातले ऑइलर्सचे जुने सामने बघा, आणि बघताना पक (हॉकीतली रबरी चकती) सोडून कुर्रीवर नजर ठेवा. ग्रेट्झकी पक घेऊन गोलच्या जाळ्यामागे उभा असतो, बचावपटूंचे डोळे त्याच्यावर खिळलेले. कुर्री लांब कुठेतरी रेंगाळल्यासारखा दिसतो. पास सुटतो तेव्हा तो मोकळ्या जागेत पोचलेला असतो, स्टिक आधीच मागे उचललेली, आणि येणारा पक न थांबवता तो तसाच हाणतो. पक थांबवायला जो अर्धा क्षण लागतो, तेवढ्यात गोलरक्षक एका खांबाकडून दुसऱ्या खांबाकडे सरकतो. कुर्री त्याला तो अर्धा क्षण देतच नसे. याला नुसती स्टिक लावणं म्हणत नाहीत.

कुणी म्हणेल, किंग्जच्या बर्नी निकोल्सने ग्रेट्झकी किंग्जमध्ये आल्यावर पहिल्याच हंगामात ७० गोल केले की! केले. पण त्याआधी आणि त्यानंतर निकोल्सने एकदाही पन्नाशी गाठली नाही. कुर्रीचे सलग चार हंगाम असे आहेत: ५२, ७१, ६८, ५४. त्यातल्या ६८ गोलांच्या हंगामात, १९८५-८६ मध्ये, तो अख्ख्या लीगमध्ये पहिला होता. ग्रेट्झकीचे तेव्हा ५२ गोल होते. १९८५ च्या प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांत, कुर्रीने १९ गोल करून रेजी लीचच्या सर्वाधिक प्लेऑफ गोलांच्या विक्रमाशी बरोबरी केली. ग्रेट्झकीच्या पासचा त्याला फायदा झाला, आणि प्रचंड झाला. पण हा व्यवहार दोन्ही बाजूंनी होता. ग्रेट्झकीच्या ढीगभर असिस्टमागे तो पास गोलमध्ये घालणारा कुर्रीच असायचा.

बचावाबद्दलचं बोलणं तर निव्वळ अज्ञान आहे. सर्वोत्तम बचाव करणाऱ्या फॉरवर्डसाठी सेल्की ट्रॉफी असते. १९८३ च्या मतदानात कुर्री बॉबी क्लार्कपाठोपाठ दुसरा होता. संघाचा खेळाडू शिक्षा भोगत बाहेर बसला असताना कमी माणसांनिशी किल्ला लढवायला ऑइलर्स त्याला बर्फावर पाठवत. ग्रेट्झकी बिनधास्त पुढे घुसू शकायचा, कारण पक हातचा गेला तर मागे धावून येणारा कुर्री होता. आणि हे करताना धसमुसळेपणा नाही: सभ्य खेळासाठीची लेडी बिंग ट्रॉफी त्याला १९८५ मध्ये मिळाली.

शेवटी, ग्रेट्झकीच्या आधी तो कोण होता हेही विचारलं जातं. हेलसिंकीच्या योकेरिट संघात घडलेला खेळाडू. १९७८ च्या युरोपियन ज्युनियर स्पर्धेत, घरच्याच मैदानावर, सोव्हिएत संघाविरुद्ध जादा वेळेत विजयी गोल मारून त्याने फिनलंडला सुवर्ण मिळवून दिलं. तेव्हा तो सतरा वर्षांचा होता, आणि ग्रेट्झकीशी त्याची गाठ पडायला अजून दोन वर्षं होती.