सहकर्जदाराचं नाव काढायला घटस्फोटाचा हुकूमनामा कुठून आणायचा?

लग्न न करता एकत्र राहणाऱ्या जोडप्याला दोघांच्या नावावर गृहकर्ज देणारी बँक देताना अगदी खुशीत असते. दोघांचे पगार जोडते, दोघांच्या सह्या घेते, वर विम्याची पॉलिसी गळ्यात मारते. नातं तुटल्यावर एकाचं नाव काढायला जा, की काउंटरवर प्रश्न येतो, 'डिव्होर्स डिक्री आणलीत का?' अरे, लग्नच झालेलं नाही तर डिक्री कोण देणार? कौटुंबिक न्यायालय अशा जोडप्याच्या घराची वाटणी करत नाही. पटलं नाही तर दिवाणी न्यायालयात वाटपाचा दावा लावायचा आणि तारखा मोजायच्या. तोवर हप्ता चालूच.

आणि हप्ता 'अर्धा तुझा, अर्धा माझा' हे फक्त त्या दोघांपुरतं. बँक पूर्ण थकबाकी कुणाही एकाकडून वसूल करू शकते. भांडणात एकाने जॉइंट खातं गोठवायचा अर्ज दिला, तर त्याच खात्यातून जाणारा हप्ता बाउन्स होतो आणि सिबिल दोघांचाही पडतो. ९० दिवसांहून जास्त थकलं की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत कर्ज. म्हणून ज्याला घर ठेवायचंय त्याने आधी हप्ता आपोआप कापायचं नवीन मँडेट स्वतःच्या खात्यावर घ्यावं, भांडण नंतर.

बँक नाव सहज का काढत नाही, तर तिला दोन पगारांची हमी सोडायची नसते. ४५ लाख बाकी, ८.५ टक्के व्याज, २० वर्षं, हप्ता साधारण ३९ हजार. एकट्याचा पगार ७० हजार आणि बँक त्यातला निम्माच हप्त्याला धरत असेल, तर अर्ज तिथेच फेटाळला जातो. ३५ हजारांत बसवायला जवळपास ५ लाख आधी भरावे लागतात, नाहीतर मुदत वाढवावी किंवा आईवडिलांपैकी कुणाला सहकर्जदार करावं लागतं.

पण सर्वांत संतापजनक प्रकार आहे मुद्रांक शुल्काचा. नवराबायकोत राहतं घर बक्षीसपत्राने द्यायचं तर महाराष्ट्रात मूळ शुल्क २०० रुपये, वर स्थानिक अधिभार. या जोडप्याला ती सवलत नाही. ५०० रुपयांत हक्कसोडपत्र, म्हणजे हिस्सा सोडल्याचा दस्त, होतं असं सांगणारे एजंट हे सांगत नाहीत, की ते वडिलोपार्जित मिळकतीसाठी आणि ठरावीक नातेवाइकांमध्येच चालतं. बाकीच्यांना खरेदीखताइतकंच शुल्क. पुण्यात रेडी रेकनरने, म्हणजे सरकारी दराने, ८० लाखांचा फ्लॅट, अर्धा हिस्सा ४० लाख, ७ टक्क्यांनी २ लाख ८० हजार, वर नोंदणी फी ३० हजार. हिस्सा फुकट सोडला तर आणखी एक फटका: आयकर कायद्याच्या लेखी लग्न न झालेला जोडीदार 'नातेवाईक' नाही, त्यामुळे हिश्शाची किंमत ५० हजारांच्या वर असेल तर ती पूर्ण घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरली जाते. तेव्हा किती पैसे दिले आणि किती कर्ज अंगावर घेतलं, हे दस्तात आकड्यांत लिहून घ्या. डाउन पेमेंट आणि हप्ते कुणी भरले, याची बँक स्टेटमेंट्स जपा. हिश्शांबद्दल करार नसेल तर कायदा ज्याने जितके पैसे घातले त्या प्रमाणात हिस्सा धरतो. पुरावाच नसेल तर निम्मा-निम्मा.

त्यात ही अडवणूक: बँक म्हणते, आधी हक्कसोडपत्र करा, मग नाव काढू. घर गहाण, म्हणून त्या दस्ताला बँकेचीच एनओसी लागते, आणि एनओसीवाला म्हणतो, आधी कर्ज एकाच्या नावावर करा. एकाच शाखेतली दोन टेबलं! तिथे हात जोडत बसू नका. एकट्याच्या नावावर सशर्त मंजुरीपत्र लेखी मागा, त्यावर एनओसी घ्या, दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदवा, इंडेक्स टू, म्हणजे नोंदणीचा उतारा, बँकेत द्या आणि कर्जाचा पुरवणी करार करा. बँक हटूनच बसली तर दुसऱ्या बँकेत कर्ज हलवा. तरत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतीआधी फेडल्याचा दंड बँकेला लावता येत नाही.

बाहेर पडणाऱ्याने तर जास्तच सावध राहावं. दस्तावर सही केली म्हणजे घर गेलं, कर्ज नाही! दस्त नोंदला की तुम्हाला सहकर्जदार म्हणून मुक्त करू, असं बँकेचं लेखी पत्र हातात असल्याशिवाय सही करू नका. दोनेक महिन्यांनी सिबिल काढा. कर्ज अजून तुमच्या नावावर चालू दिसलं तर ते पत्र जोडून लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.